उरलेली वीस मिनिटं

हिराला मी खोटं सांगितलं. सकाळी साडेसातच्या सुमारास, दादाच्या द्राक्षबागेत, तिच्या दोन्ही हातांत पेस्टने माखलेले रबरी मोजे होते तेव्हा. ऑक्टोबरची छाटणी झाली की एक-दोन दिवसांत काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावावी लागते, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. त्या वासाने डोकं चढतं. टोळीतल्या बाया तोंडाला ओढणी गुंडाळून ओळीओळीने पुढे सरकत होत्या आणि मी चहाचा कप घेऊन बांधावर उभी होते. शहरातून दिवाळीच्या आधी चार दिवस माहेरी आलेली बहीण जशी उभी राहते, तशी. हिराने हातातलं काम न थांबवता विचारलं, "ताई, मंग पिक्चरमधल्या त्या लहान्याचं पुढं काय झालं?"

"सुटला," मी म्हणाले.

"कसा काय?"

"वकील चांगला होता ना त्याचा."

आता मात्र तिने काडी सोडली. "तो तर सरकारनं दिलेला व्हता ना? फुकटचा?" मी हो म्हटलं. "फुकटचा वकील, आन् सुटला?" ओढणीआडून हसल्यासारखा आवाज आला आणि ती पुढच्या झाडाकडे सरकली. तिच्या मागे तिची धाकटी बहीण सोनी होती, सोळा-सतराची असेल. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग काडीकडे. मी चहा संपवला. तो गार झाला होता, तरी संपवला.

गोष्ट एवढीच. कुणाचं काही बिघडलं नाही. सिनेमातल्या माणसाचं नशीब मी तोंडी बदललं. घरोघरी आज्या नातवंडांना गोष्टी सांगताना राक्षसाचं काय झालं ते बदलतात, त्यातलाच प्रकार. असं मी स्वतःला नाशिकला परत येईपर्यंत, दिंडोरी रोडच्या खड्ड्यांतून एसटी हिंदकळत असताना, तीन-चारदा सांगितलं. तरी ते "फुकटचा वकील, आन् सुटला?" कानातून जाईना.

आदल्या संध्याकाळचं सांगायला हवं. शहरातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात मला समांतर सिनेमावर बोलायचं होतं आणि त्यासाठी 'आक्रोश' पुन्हा पाहायचा राहिला होता. १९८०चा, गोविंद निहलानींचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच चित्रपट, पटकथा विजय तेंडुलकरांची. म्हटलं, गावी निवांत बघू. दादाच्या घराच्या ओट्यावर खुर्ची टाकली, लॅपटॉप स्टुलावर ठेवला. पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये टोळीचं बिऱ्हाड. सुरगाण्याकडची पंधरा-सोळा माणसं, तीन चुली, चुलीवर नागलीच्या भाकरी. धुराचा आणि बागेतल्या औषधाचा वास एकमेकांत मिसळून येत होता. शेडमध्ये एकच प्लग, तो मुकादमाच्या ताब्यात. म्हणून हिरा आणि सोनी रोज संध्याकाळी फोन चार्ज करायला ओट्यावर यायच्या आणि चार्ज होईपर्यंत पायरीवर बसायच्या. त्या दिवशीही बसल्या. सिनेमा सुरू झाला तो चितेपासून. हातात बेड्या घातलेला माणूस, लहान्या, स्वतःच्या बायकोच्या चितेपाशी उभा आहे; तिच्या खुनाचा आरोप त्याच्यावरच. हिरा पायरीवरून एक पायरी वर आली.

आपण सिनेमा बघतो त्यापेक्षा त्या दोघी फारच वेगळा बघत होत्या. मी प्रकाशयोजना बघत होते (निहलानी मुळात छायालेखक, बेनेगलांचे सिनेमे त्यांच्याच कॅमेऱ्याने पाहिलेले, वगैरे वगैरे), आणि हिरा बघत होती लुगडं. "आमच्यात आसं नाही नेसत." मग झोपडी. "कूड बरोबर नाही केला." मग ओम पुरी. "हा आदिवासी हाय का?" मी म्हटलं, नाही, पंजाबी. यावर दोघी इतक्या हसल्या की शेडमधून कुणीतरी हाक मारून विचारलं काय झालं. पण नंतर हसणं थांबलं. तुरुंगात तो तरुण वकील लहान्यापुढे बसून पुन्हा पुन्हा विचारतो, बोल, काहीतरी बोल, मला सांग काय झालं, आणि लहान्या नुसता बघतो. ओम पुरीची ती नजर, खोल विहिरीच्या तळाशी पाणी हलावं तशी. सोनीने विचारलं, "हा बोलत का नाही?" हिंदी तिला पुरतं कळत नव्हतं, तिला वाटलं आपलंच काहीतरी सुटलं. हिरा म्हणाली, "कुनाशी बोलंल?" आणि पुन्हा दोघी गप्प.

लाइट नऊच्या पुढे कधीतरी गेली. लॅपटॉपची बॅटरी जुनी. तिनेही थोड्या वेळाने मान टाकली. लहान्याचा म्हातारा बाप गेल्याची वेळ आली होती, नाना पळशीकरांचा तो थकलेला बाप. म्हणजे शेवटची वीस मिनिटं उरलेली. अंधारात हिरा म्हणाली, "र्‍हायलं." मग दोघी चार्ज न झालेले फोन काढून घेऊन शेडकडे गेल्या. मी ओट्यावर बसून होते, आणि कबूल करते, मला हायसं वाटलं. कारण पुढे काय आहे ते मला माहीत होतं. बापाच्या अंत्यसंस्काराला लहान्याला पुन्हा बेड्या घालून आणतात. तिथे त्याला आपली तरणी बहीण दिसते, आणि तिच्यावर रोखलेली मुकादमाची नजर दिसते. तो कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीलाच मारतो. बायकोवर जो अत्याचार झाला तो हिच्यावर होऊ नये म्हणून. मग सगळ्या सिनेमात न उघडलेलं त्याचं तोंड उघडतं आणि तो आभाळाकडे बघून ओरडतो.

माझ्या पायरीवर एक बहीण बसली होती आणि तिच्या खांद्याला टेकून दुसरी.

हा सिनेमा माझ्यापुढे अर्धवट राहण्याची ही दुसरी वेळ. पहिल्यांदा मी अकरा-बारा वर्षांची असेन. पंचवटीतल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्या, नवाच घेतलेला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, त्यावर क्रोशाचं झाकण, आणि रात्री उशिरा लागलेला हा पिक्चर. शेजारची दोन घरंही आमच्याकडे आलेली. नागीचा, म्हणजे लहान्याच्या बायकोचा, प्रसंग जवळ येतो आहे हे बाबांना कसं कळलं कोण जाणे, बहुधा वर्तमानपत्रात वाचलं असावं. ते उठले आणि टीव्ही बंद केला. "उद्या शाळा आहे." शेजारी चपला शोधत निघून गेले. सकाळी आजीने कुकरची शिट्टी होता होता विचारलं, "मग त्या माणसाचं काय रे झालं?" बाबा दाढी करत होते. म्हणाले, "काय व्हायचंय, पिक्चरच तो." पुढे कॉलेजात गेल्यावर फिल्म सोसायटीच्या एका खेळाला मी तो पूर्ण पाहिला, तेव्हा ती किंकाळी ऐकून पहिला विचार मनात आला तो बाबांचा. टीव्ही बंद करताना त्यांची पाठ आमच्याकडे होती.

तेंडुलकरांचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे. ज्या माणसाने आयुष्यभर संवाद लिहिले, ज्याच्या नाटकांतली माणसं बोलून बोलून एकमेकांना सोलून काढतात, त्याने नायक असा लिहिला की ज्याला वाक्यंच नाहीत. हिंदी संवाद सत्यदेव दुबेंचे. बोलतात ते बाकीचे. आणि ते किती बोलतात! क्लबात पत्ते कुटत बसलेले ते चौघे-पाच, त्यांत आपले मोहन आगाशे. पान लावावं तितक्या सहजपणे त्यांचं गावचं राजकारण चाललेलं. आदिवासींमध्ये काम करणारा कार्यकर्ता म्हणून चक्क महेश एलकुंचवार. (नाटककाराने नाटककाराच्या पटकथेत येऊन हरणाऱ्या माणसाचं काम करावं, यावर मी एकदा वेगळं लिहीन म्हणते.) पण या वयात मला सगळ्यांत छळतो तो अमरीश पुरींचा दुसाने. सरकारी वकील. स्वतः आदिवासीच, शिकून वर आलेला, कोट घातलेला, इंग्रजी फर्डं. रात्री त्याच्या घरी फोन येतात, पलीकडून जातीवरून घाण शिव्या. तो रिसीव्हर कानाला लावून ऐकून घेतो. खाली ठेवतो. सकाळी कोर्टात जाऊन लहान्याविरुद्ध खटला चालवतो. लहान्या बोलत नाही ते सगळ्यांना दिसतं. दुसाने बोलत नाही ते त्याच्या सुंदर इंग्रजीमुळे झाकलं जातं. लहानपणी या सिनेमात एक मुका होता. आता मोजायला बसले तर बोटं पुरत नाहीत.

आमच्या जिल्ह्याला सिनेमाचा तसा माज आहे. फाळके त्र्यंबकचे. १८७०चा जन्म, १९१३ला 'राजा हरिश्चंद्र', मग बस्तान हलवून नाशकात, इथेच स्टुडिओ, इथेच १९४४ला शेवट. पांडवलेण्याखाली त्यांचं स्मारक आहे. शाळेच्या सहली जातात, पोरं कारंज्याशी फोटो काढतात. त्र्यंबकहून दोन वळणं पुढे गेलं, हरसूलकडे, की डोंगरातून मोळी घेऊन उतरणारी जी माणसं दिसतात, ती फाळक्यांनी लहानपणी रोज पाहिली असणार. सिनेमाने ती पाहायला बराच वेळ लावला. पाहिली तेव्हाही डोक्याला पिसं बांधून, शेकोटीभोवती झिंगालाला करत. 'जैत रे जैत'ने १९७७मध्ये ठाकर आदिवासींना नीट माणसासारखं बघितलं हे मान्य. त्यात स्मिता पाटीलची चिंधी नवऱ्याला टाकून आपल्या मनासारखं जगायला निघते. तीनच वर्षांनी तीच स्मिता नागी होते. दोन्ही एका आठवड्यात पाहिले तर माणूस आजारी पडेल.

आणि माझ्या खोट्याचंही मूळ मला पुढे सापडलं. "वकील चांगला होता" हे मी हवेतून काढलं नव्हतं. ते दुसऱ्याच सिनेमातलं होतं. २०२१मध्ये आलेला 'जय भीम', तमिळ. इरुळर जमातीच्या बाईचा नवरा पोलीस उचलून नेतात, आणि चंद्रू नावाचा वकील एक पैसा न घेता उच्च न्यायालयात तिच्या बाजूने उभा राहतो. खरे के. चंद्रू पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. सुरुवातीलाच तुरुंगाच्या दारातलं ते दृश्य आहे: सुटून बाहेर पडणाऱ्याला जात विचारतात, आणि उत्तरावर ठरतं की हा घरी जाणार की दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या गाडीत. आमच्या घरी सगळ्यांनी तो एकत्र बसून पाहिला, शेवटी टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या. मला वाटतं माझ्या जिभेवर त्या सकाळी चंद्रू आला. पण तिथेही नवरा सुटत नाहीच. तो कोठडीतच मेलेला असतो. जिंकते ती बायको, न्याय म्हणून. म्हणजे मी हिराला सांगितलेला शेवट कुठल्याच सिनेमात नव्हता.

मध्यंतरी एका ओळखीच्यांच्या साठीला गंगापूर धरणाकडच्या एका रिसॉर्टवर गेले होते. द्राक्षांचे मळे, पाण्यावर मावळतीचा उजेड, हातात वाइनचा पेला. स्वागतकक्षाची भिंत गेरूने रंगवलेली, तिच्यावर पांढऱ्या रेघांत तारप्याचा फेर. छान काढलं होतं. वारली चित्रं भिंतीवरून कागदावर आली ती सत्तरच्या दशकात, भास्कर कुलकर्णी नावाच्या चित्रकाराने डहाणूकडच्या पाड्यांवर कागद नि रंग नेले तेव्हा. जिव्या सोमा मशे त्यातूनच जगाला कळले. 'आक्रोश'मधल्या वकिलाचं नावही भास्कर कुलकर्णी. नसीरुद्दीन शाहने केलेला. तेंडुलकरांनी ते ठरवून ठेवलं की कुलकर्णी हे आपलं सरसकट मध्यमवर्गाचं आडनाव म्हणून आलं, मी सांगू शकणार नाही. पण त्या भिंतीपुढे उभी असताना मला दोन्ही भास्कर एकदम आठवले, आणि दादाच्या शेडमधला तो एकुलता एक प्लगही.

६ मार्च २०१८ला मी नाशिकच्या मुंबई नाक्यावर स्कूटरवर अडकले होते. सीबीएस चौकातून शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईला निघालेला. लाल टोप्या, लाल झेंडे, संपतच नव्हता. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबक. मला बँकेत पोचायचं होतं आणि बँक चारला बंद होणार होती. बाजूच्या रिक्षावाल्याने इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतली, तेव्हा मला कळलं की आता काही खरं नाही. माझ्या स्कूटरच्या अगदी जवळून एक बाई गेली, डोक्यावर फडक्यात बांधलेलं ताट-वाटी, पायांत एका रंगाची चप्पल डाव्या पायात, दुसऱ्या रंगाची उजव्या. मला तेव्हा त्यात काही दिसलं नाही. सहा दिवसांनी, जवळजवळ १८० किलोमीटर चालून ती माणसं मुंबईला पोचली आणि वर्तमानपत्रांत सोलवटलेल्या तळपायांचे फोटो आले, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने पाय पाहिले. मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर आले. नाशिककरांनी काय पाहिलं होतं? ट्रॅफिक. मला वाटतं मोर्चा जिथून निघतो त्या गावाला तो कधीच पुरता दिसत नाही.

शेवटच्या रात्री ती माणसं शीवच्या सोमय्या मैदानावर झोपायची, ती झोपलीच नाहीत. सकाळी दहावीचा पेपर होता, पोरांचा खोळंबा नको, म्हणून रातोरात चालत आझाद मैदान गाठलं. त्या वर्षी आमच्याही घरात दहावी होती, दादाचा मुलगा. सकाळी मी फोन करून त्याला म्हटलं, शांतपणे लिही. १२ मार्चला लेखी आश्वासन मिळालं. २०१९ला पुन्हा निघावं लागलं. २०२३ला पुन्हा, या वेळी दिंडोरीतून, वाशिंदपर्यंत. दादाच्या घरासमोरूनच गेला असेल तो, आम्ही कधी त्यावर बोललो नाही.

दादाबद्दल लिहायचं टाळत होते. दादा वाईट माणूस नाही. हे वाक्य लिहिलं की पुढे काय येणार ते वाचणाऱ्याला कळतं, तरी लिहिते, कारण ते खरं आहे. सहा एकर बाग, सोसायटीचं कर्ज, फेब्रुवारीत एकदा गारपीट झाली तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता. टोळीला तो एकराच्या उक्त्या दराने पैसे देतो, हिशेबाला चोख, कुणाला ताप आला तर स्वतः गाडीत घालून दवाखान्यात नेतो. पण टोळी येते ती उचलीवर. पावसाळ्यात, घरातली नागली संपत आली की मुकादम सुरगाण्याला जाऊन उचल वाटतो, कुणाच्या औषधाला, कुणाच्या लग्नाला, आणि छाटणीला माणसं बांधली जातात. दादा म्हणतो, "पैसे माझे अडकलेले असतात. रात्रीतून दुसऱ्याच्या बागेत गेले तर मी कुणाला विचारू?" याला माझ्याकडे उत्तर नाही. सुरगाण्याच्या पलीकडच्या अंगाला, डहाणू-तलासरीत, १९४५ साली वारल्यांनी जमीनदारांविरुद्ध संप केला. गोदावरी परुळेकर त्यांच्यात होत्या, आणि त्या ऑक्टोबरात जमलेल्या माणसांवर गोळीबार झाला. संप होता वेठीविरुद्ध आणि लग्नगडीविरुद्ध. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले आणि ते फेडायला नवरा-बायको जन्मभर त्याच्याकडे राबले, तो लग्नगडी. उचल म्हणजे लग्नगडी नव्हे. उचल हंगामात फिटते, बहुतेक वेळा. दोन शब्दांत अंतर आहे हे मला समजतं. ते किती आहे हे मी मोजायला जात नाही, एवढंच.

कारण त्या सकाळी बागेत सोनी होती, तसा दादाही होता. दोन ओळी सोडून, मुकादमाशी पेस्टच्या प्रमाणावरून बोलत. आणि सिनेमातला तो बहिणीवर नजर ठेवणारा, तोही मुकादमच. मी सांगायला लागले असते तर शब्द तोच वापरावा लागला असता. आदल्या रात्री जेवताना दादा म्हणालाच होता, अगदी हसत, "टोळीला काय काय दाखवतेस गं? उद्या मोर्चा काढतील माझ्यावर." वहिनीही हसली, मीही हसले. म्हणजे सोनीला जपायला मी खोटं बोलले, हे अर्धं. उरलेलं अर्धं त्या हसण्यात होतं. हे मला नाशिकला येईपर्यंत कळलं नव्हतं असंही नाही.

वाचनालयातलं भाषण चांगलं झालं. शेवटच्या किंकाळीवर मी चांगली वीस मिनिटं बोलले. मौनाची मांडणी, चितेपासून चितेपर्यंतचं वर्तुळ, बेड्यांचा आवाज, अजित वर्मनचं संगीत. तो बहिणीला का मारतो हे सांगताना सभागृह अगदी स्तब्ध झालं. चहाच्या वेळी एक गृहस्थ भेटून म्हणाले, अंगावर काटा आला. समोसे गरम होते. तिथे मला एकदाही वाटलं नाही की हा शेवट या लोकांपासून लपवावा.

एक मात्र त्या वेळी मी नीट केलं. गावाहून निघायच्या दिवशी हिरा ओट्यावर आली, फोनमध्ये एका कागदाचा फोटो घेऊन. "ताई, हे वाचा जरा. मुकादमानं वाचलं, पण तो घाईनं वाचतो." तिच्या सासऱ्याचा वनहक्काचा दावा. ती त्या जमिनीला 'प्लॉट' म्हणत होती, तिकडे सगळे तसंच म्हणतात. २००६चा कायदा, १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा द्यायचा. आणि पुरावा काय, तर जंगल खात्याने अतिक्रमण केलं म्हणून सासऱ्याला पूर्वी केलेल्या दंडाची पावती. चोर ठरवणारा कागद त्या म्हाताऱ्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत, घराच्या आढ्याला, वर्षानुवर्षं जपून ठेवला होता, आणि आता तोच कागद सांगत होता की हा इथे आधीपासून होता. तिने पावतीचाही फोटो काढून आणलेला. दावा तीन एकरांचा होता. मी वाचून सांगितलं: मंजूर बावीस गुंठे. ती म्हणाली, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. बावीस गुंठे. "म्हंजे मुकादमानं बरोबरच वाचलं व्हतं," ती म्हणाली आणि फोन कमरेला खोचला. मी तिला अपिलाचं सांगितलं, मुदतीचं सांगितलं, नंबर दिला. तिने तो फोनमध्ये घातला. पुढे फोन आला नाही. मीही केला नाही.

यंदाच्या ऑक्टोबरात टोळी पुन्हा आली. मी गेले तेव्हा छाटणी अर्धी झाली होती, ओळींच्या मध्ये तोडलेल्या काड्यांचे ढीग. हिरा दिसली, सोनी नव्हती. "तिला दिली, पेठकडं," हिरा म्हणाली. लग्न उन्हाळ्यात झालं. मी विचारलं नाही, पण दादाच्या वहीत मला नंतर दिसलं, टोळीच्या उचलीत तिच्या नावावर रक्कम होती.

संध्याकाळी हिरा फोन चार्ज करायला आली. शेडमध्ये आता तीन प्लग आहेत, दादाने यंदा बसवून घेतले, तरी आली. बराच वेळ पायरीवर बसली. मग म्हणाली, "सोनी म्हनती तुम्ही खोटं सांगितलं."

"काय?"

"तो सुटला म्हनून. ती म्हनती, ताईंनी आपल्याला बरं वाटावं म्हनून सांगितलं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. दोघी बहिणींचा वर्षभर चाललेला वाद असावा, तो मिटवायला ती आली होती. "तो र्‍हायलेला दाखवा ना."

मी म्हणाले, लॅपटॉप आणला नाही. तो आत बॅगेत होता.

"मंग फोनवर बघू की," ती म्हणाली. "नाव काय त्याचं?"

मी नाव सांगितलं. तिने फोन तोंडाजवळ धरला आणि जरा मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाली, "आक्रोश." थोडा वेळ गोल फिरलं, मग चित्रं आली. पहिल्याच चित्रात अजय देवगण. त्याच नावाचा २०१०चा पिक्चर आहे, त्यातला.

"हा नाही तो," हिरा म्हणाली आणि अंगठ्याने वर सरकवत राहिली. पुन्हा अजय देवगण, मग कसलंसं गाणं, मग भलत्याच कुणाचं भाषण. मी पायरीवर तिच्या शेजारी बसले.

"जुना आहे," मी म्हणाले. "अजून खाली जा."